नऊ फुटांचा फरक

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुणी पत्ता विचारायला थांबलं, की आम्ही शेजारी मनातून एकच इच्छा करतो. या भल्या माणसानं तेवढं त्रिंबकरावांना विचारू नये. पण नेमके तेच फाटकात उभे असतात.

"हे बघा, इथून नाकासमोर एकशे साठ फूट चाला. विजेची डीपी लागंल. डीपीकडं पाठ करून उभं राहा. मग डाव्या हाताला पंचेचाळीस फूट. तिथं जे फाटक असंल, ते नाय. त्याच्या पुढचं."

पत्ता बरोबरच असतो, अगदी फुटाला फूट. पण माझ्या मुलीच्या साखरपुड्याला मुलाकडची मंडळी यांच्या तावडीत सापडली. पावलं मोजत, मोजणी चुकली की पुन्हा डीपीपाशी जात, ती घामाघूम होऊन दारात पोचली तेव्हा मुहूर्त टळून गेला होता. व्याही अजूनही भेटले की विचारतात, "ते मोजणीवाले आहेत का हो?" आहेत. ते कुठं जातात?

त्रिंबकराव माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात. जमीन मोजणीच्या खात्यात त्यांनी उभा जन्म काढला. उन्हातान्हात टेप धरून दोन भावांच्या मधून रेघ ओढायची, तिथं दगड रोवायचा आणि दोघांच्याही शिव्या खाऊन घरी यायचं, असा तो धंदा. मूळचे ते वैजापूरच्या पलीकडचे. अंगानं काटकुळे, रंगानं रापलेले, आणि तोंडात सदा एकच प्रश्न, "फरक किती?" दूधवाला म्हणाला उद्या सहाला येतो, की "फरक किती?" डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला, की "तुमच्या मशीनचा फरक किती?" सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना त्यांनी पंचांगाचा फरक विचारला. गुरुजी पुन्हा आमच्या गल्लीत आले नाहीत.

निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, नाहीतर शेअरबाजाराला. त्रिंबकराव मोटारसायकलवर रस्ता दाखवणाऱ्या यंत्रांच्या नादी लागले. त्यांनी गल्लीत जाहीर केलं, की आपण आपल्या जुन्या फटफटीवरून एकटे कन्याकुमारीला जाणार. फक्त एक भरवशाचं यंत्र सापडू द्या, की निघालोच. या गोष्टीला सात वर्षं झाली. कन्याकुमारी होती तिथंच आहे.

सुरुवात होकायंत्रापासून झाली. औरंगपुऱ्यात चार दुकानं पालथी घालून त्यांनी एक आणलं आणि पेट्रोलच्या टाकीवर चिकटवलं. टाकी लोखंडाची. त्यामुळे गाडी कुठंही वळवली तरी काटा सीटकडंच बघत राहायचा. मग त्यांनी ते काढून हेल्मेटच्या टाळूवर बसवलं. लोखंडापासून लांब, मोकळ्या हवेत. शास्त्र अगदी बरोबर होतं. पण आपल्या डोक्यावरचं आपल्याला दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा नगर नाका आला होता. तिथून ते मागं फिरले आणि माझ्या फाटकाशी येऊन हॉर्न वाजवायला लागले.

"सर, मागं बसा. काटा वाचायला माणूस पाहिजे."

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, म्हणून सर. रविवार हा माझा नावडता वार. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून रविवारी आमच्या घरात भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येतो. बायको डाळ निवडते, मी जुने दिवाळी अंक चाळतो, आणि चार वाजले की दोघंही एकमेकांना विचारतो, फोन आला का. अशा घरातल्या माणसाला कुणी डोक्यावर होकायंत्र बांधून बोलवायला आलं, तर नाही म्हणण्याइतकं त्याचं काही अडलेलं नसतं. मी बसलो, आणि सात वर्षं बसत राहिलो.

होकायंत्र गेलं, कागद आला. कंपासपेटीत दोन पेन्सिली आडव्या बसवून त्यांवर त्यांनी नकाशाची लांबच लांब पट्टी गुंडाळली. अंगठ्यानं पेन्सिल फिरवली की रस्ता पुढं सरकायचा. पट्टीवर प्रत्येक पूल होता, प्रत्येक गतिरोधक होता, एक रसवंतीसुद्धा होती. पण प्रमाण इतकं मोठं धरलेलं, की लासूर स्टेशनच्या अलीकडंच कागद संपला. रसवंती मात्र बरोबर जागी निघाली.

मग कानात बोलणारं यंत्र आलं. "पुढे डावीकडे वळा," असं ती बाई म्हणाली की हे विचारायचे, "कुठल्या अभिलेखानुसार?" बाई गप्प. "बघा सर, उत्तर नाय," असं ते पूर्ण मान वळवून मला सांगायचे, आणि समोरून उसाची ट्रॉली येत असायची. मी त्या काळात देवाचं जेवढं नाव घेतलं, तेवढं मागच्या साठ वर्षांत घेतलं नव्हतं.

फोन हँडलला बसवायचा चिमटा घ्यायला गेलो, तेव्हा तर औरंगपुऱ्यातला दुकानदार रडकुंडीला आला. हे प्रत्येक चिमटा हातात घेऊन हलवायचे, कानाशी नेऊन खडखडतो का ऐकायचे आणि विचारायचे, "खड्ड्यात फरक किती पडतो?" शेवटी तो हात जोडून म्हणाला, "चचा, होल्डर लेना है के बहू पसंद करना है? दो घंटे होगये, कुछ तो लेलो."

मी एकदा भीत भीत माझा फोन पुढं केला. मुलगी पुण्याला जाताना टाकून गेलेला, काच तडकलेला. त्रिंबकरावांनी तो गल्लीतल्या एका दगडावर ठेवला. आम्ही दोघं माझ्या घरासमोर उभे होतो आणि फोन म्हणत होता, आम्ही पाठीमागच्या गल्लीत कुणाच्या तरी गच्चीवर आहोत. थोड्या वेळानं त्यानं आम्हाला मंगल कार्यालयात नेऊन सोडलं. त्रिंबकराव हादरलेच. "सर, हा फोन घेऊन घराच्या बाहेर पडत जाऊ नका. विहिरीत घालंल हा तुम्हाला."

त्यांची कीर्ती हळूहळू पसरली. लडाखला निघालेले, गोव्याला निघालेले लोक विचारायला यायचे, काका, गाडीवर कुठलं यंत्र लावावं? काका त्यांना ओट्यावर बसवायचे. बॅटरी किती टिकते, उन्हात पडदा दिसतो का, हातमोज्यानं बटण दाबतं का, डोंगरात ठिपका किती सरकतो, असं सगळं चालायचं. बँकेतले एक साहेब तीन तास बसले होते. ते शेवटी रेल्वेनं गेले.

आता या यंत्रांची चाचणी कुठं व्हायची, ते सांगतो. यंत्र कुठलंही असो, रस्ता एकच. नगर नाका, मिटमिटा, लासूरला एक चहा, वैजापूर, आणि तिथून पुढं आडवळणाला एक गाडीवाट. "ओळखीच्या वाटंवरच यंत्राचा फरक कळतो," असं ते म्हणायचे, आणि मला ते पटायचंही. गाडीवाटेच्या कडेला शेताच्या बांधावर एक दगड रोवलेला होता. पांढरा रंग दिलेला, हद्दीचा दगड. त्याच्या अलीकडं एक मोठं चिंचेचं झाड. त्रिंबकराव गाडी थांबवायचे, यंत्र हँडलवरून काढून त्या दगडावर ठेवायचे आणि हात मागं बांधून उभे राहायचे. मग खिशातल्या वहीत काहीतरी लिहायचे आणि म्हणायचे, "चला."

चिंचेखाली कुणी फिरकत नसावं. माघ-फाल्गुनात तिथं चिंचांचा सडा पडलेला असायचा आणि त्यावर मुंग्या. पलीकडं हाकेच्या अंतरावर एक गोठा, दोन खोल्या, आणि पुढं बाजेवर एक म्हातारा. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तो आमच्याकडं बघायचा. आम्ही त्याच्याकडं बघायचो. म्हणजे मी बघायचो. त्रिंबकराव यंत्राकडं बघायचे.

"कोण आहेत हो ते?" मी पहिल्या रविवारी विचारलं.

"लगतधारक."

मला ते आडनाव वाटलं. लगतधारक म्हणजे शेजारच्या जमिनीचा मालक, हे मला पुढं कळलं. म्हातारा कधी काही बोलला नाही, की दोन हात करून हाकलायला आला नाही. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. पहिल्या वर्षी त्याची बाज गोठ्याकडं तोंड करून असायची. पुढं पुढं ती दगडाकडं तोंड करून असायला लागली.

खरी हकीकत मला सुमनवहिनींनी सांगितली. सुमनवहिनी म्हणजे त्रिंबकरावांची बायको, मोजकं बोलणारी बाई. अशाच एका रविवारी आम्ही परतलो. त्रिंबकराव आंघोळीला गेले आणि वहिनींनी माझ्यापुढं चहाचा कप ठेवला.

"आज कुठलं यंत्र हुतं, भाऊ?"

मी सांगितलं. नवं, हातात मावेल एवढं, डोंगर चढणारे वापरतात तसलं.

"बरोबर दाखवलं असंल."

"हो. तंतोतंत."

"मग आज जेवायचे नाहीत," त्या म्हणाल्या आणि तिथंच पाटावर बसल्या. "कन्याकुमारी-बिन्याकुमारी काय नाय हो. ते बाजंवर बसतात ना, ते यांचे थोरले भाऊ. कारभारीदादा."

पंचवीसेक वर्षांपूर्वी दोघा भावांची वाटणी झाली. वडील लवकर गेलेले, कारभारीदादांनीच त्रिंबकरावांना सायकलवर डबलसीट नेऊन वैजापूरच्या शाळेत घातलं, शिकवलं, नोकरीला लावलं. वाटणीच्या वेळी दादाच म्हणाले, "घरात मोजणीदार असताना बाहेरचा कशाला आणायचा? तूच मोज." टेपचं एक टोक यांच्या हातात, दुसरं दादांच्या. मोजता मोजता रेघ अशी आली, की चिंच यांच्या वाटणीत गेली. त्या चिंचेखाली दादांची जनावरं असायची. उन्हाळ्यात दादांची बाज तिथंच असायची. दादांची पोरं तिथंच खेळून मोठी झालेली.

"दादा हसून म्हणाले, 'तिंब्या, टेप जरा ढिली धर की.' नऊ फुटांचा तर सवाल हुता. हे म्हणाले, 'टेप ढिली धरता येत नाय, दादा. फरक पडतो.'" वहिनींनी पदर सारखा केला. "दादांनी हातातलं टोक तिथंच टाकलं आन घरात निघून गेले. आजतागायत बोलणं नाय."

"पण मग झाड नुसतं देऊन टाकायचं ना?"

"दिलं की! चार वेळा निरोप धाडला. दादांचं एकच म्हणणं. माझं असंल तर दे. तुझं असंल तर मला नको. दानधर्म नको मला धाकट्या भावाचा." वहिनी उठल्या. "आता दादांचं हाय, असं म्हणायचं तर मोजणी चुकली म्हणावं लागंल. आन ती तर चुकलेली नाय. हे खोटं बोलायचे नाहीत. खात्यातली मोठी मशीन आणून दोनदा मोजलं. फरक शून्य. तवापासून हे चाललंय."

मी कपातला चहा तसाच ठेवून घरी आलो. मला माझ्या बावळटपणाची लाज वाटली. सात वर्षं मी एका माणसाच्या पाठीमागं बसून काटे वाचत होतो आणि त्याच्या तोंडाकडं एकदाही नीट बघितलं नव्हतं. महागाची यंत्रं बरोबर निघाली की त्रिंबकराव परतीच्या वाटेवर चकार शब्द बोलत नसत. एखादं स्वस्तातलं जरा भरकटलं की लासूरला दोन चहा आणि वर भजी. मी आपला समजत होतो, की चहाचा आणि यंत्राचा काही संबंध नाही.

पुढच्या रविवारी मी दगडापाशी वाकून पाहिलं. नकाशातली हद्द त्यांनी यंत्रात लाल खूण करून भरून ठेवलेली असायची. यंत्र दगडावर ठेवलं, की आपण जिथं आहोत तिथं निळा ठिपका उमटायचा. ठिपका लाल खुणेवर बसला, म्हणजे दगड जागेवर. ठिपका दादांच्या बाजूला सरकला, म्हणजे दगड दादांच्या रानात चुकून रोवला गेलाय, खरी हद्द इकडं चिंचेच्या अलीकडं आहे आणि चिंच दादांची. गेली सात वर्षं हा माणूस गाडीवर लावायला यंत्र निवडत नव्हता. आपल्याला चूक ठरवणारं एखादं यंत्र मिळतं का, ते शोधत होता. ठिपका हलकेच सरकत आला आणि लाल खुणेवर जाऊन बसला.

"चला," त्रिंबकराव म्हणाले.

मी म्हणालो, "जाऊन भेटा ना. एवढे दीडशे फूट तर आहेत."

"एकशे अडतीस," ते म्हणाले. "काय सांगू जाऊन?"

मी गाडीवर मागं बसलो. उत्तर आता रात्रंदिवस सुचत असतं.

गेल्या फाल्गुनात एका बुधवारी सकाळी सुमनवहिनींच्या फोनवर पुतण्याचा, विलासचा फोन आला. दादांची मूत्रपिंडं निकामी झालीत. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. जेवण तुटलंय. वहिनी सांगायला आमच्याकडं आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ त्रिंबकराव. पायांत चपला नव्हत्या. डोक्यावर मात्र हेल्मेट होतं.

"सर, तुमचा तो फोन हाय का?"

"कुठला?"

"विहिरीत घालणारा."

तो फोन माझ्या बायकोनं कपाटात साड्यांच्या खाली जपून ठेवला होता. मुलीचा म्हणून. तो चार्ज होईपर्यंत त्रिंबकराव आमच्या दारात उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. मी त्यांच्यासाठी माझ्या चपला आणल्या. त्या त्यांना मोठ्या होत्या, पण त्यांनी त्या घातल्या आणि पहिल्यांदाच कशाचाही फरक विचारला नाही.

हँडलवर त्या दिवशी काही नव्हतं. नगर नाका गेला, मिटमिटा गेलं, लासूर गेलं. चहा नाही, शब्द नाही. फोन माझ्या खिशात होता आणि मी तो वरून दाबून धरला होता. गाडीवाटेला लागल्यावर धुळीतून चिंच दिसली. झाड फळांनी लगडलं होतं आणि खाली नेहमीसारखा सडा. पलीकडं बाज होती. बाजेवर म्हातारा आडवा होता, चादरीत नावालाच उरलेला.

त्रिंबकरावांनी फोनात हद्दीची लाल खूण भरली आणि तो दगडावर ठेवला. ठिपका फिरला, अडखळला आणि नेमका लाल खुणेवर जाऊन बसला.

मी त्या फोनला मनातल्या मनात काय काय म्हणालो, ते इथं लिहिता येणार नाही. बारा महिने तेरा काळ गच्चीवर आणि मंगल कार्यालयात भटकणारा तो फोन, आणि आज एवढा शहाणा झाला! त्रिंबकरावांनी तो उचलला, शर्टाला पुसला, पुन्हा ठेवला. पुन्हा खुणेवर. ऊन डोक्यावर होतं. विलास गोठ्यापाशी येऊन उभा राहिला होता आणि त्याला काही कळत नव्हतं. पलीकडं दादा खोकले.

मग ठिपका हलला. आधी आमच्या बाजूला, चिंचेच्या बुंध्याकडं. "नाय, तिकडं नाय," त्रिंबकराव पुटपुटले. ते दोन्ही गुडघे टेकून दगडापाशी बसले होते. ठिपका थांबला, मागं आला, खूण ओलांडली आणि दादांच्या रानात शिरला. चार फूट, सहा फूट. त्रिंबकराव श्वास धरून होते आणि मीही. नऊ.

"सर, फोटो. फोटो घ्या त्याचा. लवकर."

मी माझ्या नव्या फोनवर त्या फोनचा फोटो काढला. आयुष्यभर ज्या माणसानं इंचाचा हिशेब सोडला नाही, तो एक तडकलेला फोन चुकायची वाट बघत उन्हात गुडघ्यांवर बसला होता. आणि फोन चुकला, तेव्हा त्या माणसानं वेळ दवडला नाही. फोन उचलला आणि बांध ओलांडून चालायला लागला. माझ्या मोठ्या चपला ढेकळांत अडकत होत्या. मी मागं मागं गेलो.

"दादा."

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. "रविवार हाय का रं आज?"

"बुधवार हाय."

"मग तू कसा?"

त्रिंबकराव बाजेशी खाली बसले. "दादा, माझी मोजणी चुकली. हे बघ. नऊ फूट. दगड तुझ्या रानात रोवला मी. चिंच तुझी हाय. पयल्यापासून तुझीच हुती."

दादांनी फोन हातात घेतला. त्यांना दिसत नसावं. त्यांनी काचेवरून अंगठा फिरवला. तडा अंगठ्याला लागला.

"भारी यंत्र हाय का हे?"

"लई भारी."

"फुटलंय की."

"फुटलंय. पण भारी हाय, दादा."

दादा बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिले. विलासही, मीही.

"तिंब्या," दादा म्हणाले, "एवढी वर्षं लागली व्हय रं तुला टेप ढिली धरायला?"

त्रिंबकरावांनी बाजेच्या काठावर डोकं टेकवलं आणि ते रडायला लागले. मोठ्यानं, पोरासारखे. दादांचा हात चाचपडत त्यांच्या डोक्यावर आला आणि टणक लागल्यावर थांबला. ते हेल्मेट काढायलाच विसरले होते. टाळूवर होकायंत्र चिकटवल्याचा डागही तसाच होता. "काढ की हे," दादा म्हणाले. त्रिंबकरावांना ते जमेना, म्हणून पट्टा मी सोडला. मग दादांचा हात त्यांच्या पांढऱ्या केसांवर टेकला आणि आम्ही निघेपर्यंत तिथंच राहिला.

निघताना दादा विलासला म्हणाले, "चिंचा पाडून घ्या. आपल्या हायेत."

ते त्यानंतर पंधरा दिवस होते. त्यातले अकरा दिवस त्रिंबकराव तिथंच राहिले, चिंचेखाली बाज टाकून. चार दिवस पेन्शनचं बँकेतलं काम, वहिनींचं दुखणं, असं काही ना काही निघालं आणि इकडं यावं लागलं. त्या चारांतल्या चौथ्या दिवशी दादा गेले. वेळेवर पोचता आलं नाही. त्रिंबकराव हे कुणाजवळ बोलत नाहीत, पण मला माहीत आहे की ते अकरा मोजत नाहीत, ते चार मोजतात. आणि मागचे सगळे रविवार.

तेराव्याला विलासनं पोतंभर चिंच धाडली. सुमनवहिनींनी गल्लीत घरोघरी वाटली. आमच्या वाट्याची माझ्या बायकोनं मीठ लावून बरणीत भरली आहे आणि बरणी अजून उघडलेली नाही. हँडलवरचे चिमटे, कंपासपेटी, कानातलं यंत्र, सगळं त्रिंबकरावांनी एका पिशवीत भरून माळ्यावर टाकलं. फटफटीवर ताडपत्री आहे. रविवारी मी सवयीनं हॉर्नची वाट बघतो आणि मग घड्याळ ऐकत बसतो. फोन मी परत साड्यांखाली ठेवला. त्यातली ती लाल खूण मी पुसलेली नाही.

पत्ता विचारायला अजूनही लोक फाटकाशी थांबतात. "पुढं असंल कुठंतरी," त्रिंबकराव म्हणतात. "विचारा पुढं." माणूस पुढं जातो आणि खरंच लगेच पोचतो. आम्हाला मात्र ते बघवत नाही.

परवा एक बाई आल्या होत्या. तिशीच्या असतील, नवी कोरी मोटारसायकल, हातात हेल्मेट. त्यांना एकटीनं गाडीवरून हंपीला जायचं होतं आणि कुणीतरी त्यांना आमच्या गल्लीचा पत्ता दिला होता. मी माझ्या ओट्यावर होतो. मला वाटलं, आता तीन तास. खरं सांगतो, मला बरंही वाटलं. मी खुर्ची सरकवून घेतली.

"काका, गाडीवर कुठलं यंत्र लावू? फोन पुरेल की वेगळं घ्यावं लागेल?"

त्रिंबकरावांनी गाडीकडं बघितलं, हँडलवरून हात फिरवला.

"कुठलंबी लावा, ताई. पण येळेवर निघा."

"वेळ आहे हो अजून," त्या हसून म्हणाल्या. "डिसेंबरात जायचंय."

"व्हय," ते म्हणाले. "मलाबी तसंच वाटायचं."